ढावल्यातले हुंदके

आमच्या घरात डोकं फुटलं ते याडीच्या आवाजावरून. ते फुटायलाच पाहिजे होतं, असं मला अजूनही वाटतं.

याडी म्हणजे आमची आई. तिच्या लग्नात हैदराबादच्या एका माणसानं तिचा ढावलो टेप करून नेला होता. तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. पुढं त्याची तबकडी निघाली. तिची एकच प्रत आमच्या घरी राहिली, दुसरी कुठं मिळाली नाही. मी अंगावर पीत होते तेव्हाच याडी गेली. मला ती माहीत आहे ती त्या तबकडीतून, तेवढीच.

माझा भाऊ योगेश वारंगा फाट्यावर डीजे चालवतो. तबकडी झिजत चालली म्हणून त्यानं ती मोबाइलवर उतरवली आणि दिवाळीला घरी आल्यावर बापूला, म्हणजे आमच्या बापाला, म्हणाला, "दोन्ही ऐक. कोणतं चांगलं ते सांग."

आधी तबकडी लावली. खरखर, खरखरीतून याडी. मग मोबाइल. आवाज इतका स्वच्छ, की याडी दारातच उभी आहे असं वाटलं. मी तर हरखून गेले. बापूचा चेहरा मात्र उतरत गेला.

"हुंदके कुठं हायेत?" बापूनं विचारलं.

"कोणते?"

"दर ओळीमागं रडते ती."

"ते व्हय? खरखरीसंगं काढले. गाण्यात मधीमधी येऊन राहिले होते."

ढावल्यात रडणं हेच गाणं असतं, हे आमच्या डीजेला कोण सांगणार. लग्नात सगळ्यांच्या कानठळ्या बसवणारा हा, जन्मात एक ढावलो धड ऐकला नाही त्यानं.

बापूनं कोपऱ्यातली काठी घेतली. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. तिसऱ्याला योगेशनं काठी धरली आणि बापूला ढकलून दिलं. बापू रेकॉर्ड प्लेयरवर पालथा पडला. कपाळ फुटलं. उठला तेव्हा त्याच्या छातीखाली तबकडीचे तुकडे होते.

"आधीचं, हुंदक्यांचं, हाय ना तुझ्याकडं?" मी योगेशची गचांडी धरली.

"पुसलं," तो म्हणाला. त्याच्या कानातून रक्त येत होतं. "आता एवढंच हाय, या मोबाइलवर."

मोबाइलवर याडी अजून गातच होती, कोरड्या डोळ्यांनी. बापूनं कपाळाचं रक्त पुसलंसुद्धा नाही. "ही माझी बायको न्हाई," म्हणाला, वरवंटा उचलला आणि आवाज बंद होईपर्यंत मोबाइल ठेचला.

मी उठले आणि जन्मदात्या बापाच्या अशी थोबाडीत मारली, की तो भिंतीला जाऊन आदळला.

"तुझी बायको नसंल," मी म्हणाले. "माझी याडी व्हती. मला न रडणारी बी चालली असती."