रांजणात बोललेलं

भीमाबाई ना देवळात जायची, ना विहारात. "तिकडं मानसं लई बोलतात, ऐकनारा कोन?" म्हणायची. कल्याणजवळच्या मोहन्यात, जुन्या कारखान्यामागच्या चाळीत, मोरीशेजारी तिचा रांजण अर्धा जमिनीत पुरलेला. दुपारी नळ यायच्या आधी ती रिकाम्या रांजणात तोंड घालून मनातलं बोलायची, मग त्यावर पाणी भरायची. कुंकू नाही, फूल नाही, नाव नाही. "बोललेलं पान्यात मुरतं," एवढाच तिचा धर्म.

मुलगा रवींद्र विहाराच्या कमिटीवर. भाषणात अंधश्रद्धेची सालटी काढणारा. काढावीतच. देवाच्या नावाखाली ज्यांच्या पिढ्या वेशीबाहेर सडवल्या, त्यांनी नाही काढायची तर कोणी? पण हाच बहाद्दर, बायको प्रियांका वारल्यापासून पोटच्या पोरीसमोर घटकाभर बसला नव्हता. आई गेली त्याच दिवशी छोट्या पायलचं बोलणं बंद झालेलं. कल्याणचे डॉक्टर झाले. घसा ठीक, कान ठीक. पोरगी आपली भिंतीकडं बघत बसायची.

त्या दुपारी रवींद्र घरात शिरला तर आई रांजणात वाकलेली. "माझ्या पायलला बोलती कर."

तो पेटलाच. "आई, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण! लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू दे. मी हात जोडले का? नारळ फोडला का?"

"मग बोलतेस कोणाशी? कोण आहे आत?"

"तूच ईचार की. पन जपून बोल. सगळं घर पितं ते."

त्यानं तिला बाजूला सारलं, डोकं आत घातलं आणि ओरडला, "इथं कोणी नाही!"

आवाज घुमला नाही. रिकाम्या रांजणात नुसतं खोकलं तरी घुमतं. हा आवाज कोणीतरी गिळावा तसा संपला. रवींद्रनं डोकं झटकन बाहेर काढलं. तेवढ्यात नळ आला. आईला दाखवायचं म्हणून त्यानंच पाईप आत सोडला.

"नको रे! त्याच्यावर भरू नको!" भीमाबाई ओरडत राहिली.

संध्याकाळी पायलनं तांब्या बुडवला, घटाघटा प्यायली आणि बापाकडं वळली. तिचे ओठ हलले.

"इथं कोणी नाही."

आवाज तिचा नव्हता. रवींद्रचा होता. जाड, चिडलेला, खोलातून घुमत आलेला.

"बाळा, मी आहे ना!" त्यानं तिचे खांदे धरले. तिनं त्याच्या आरपार भिंतीकडं बघितलं. "इथं कोणी नाही." जेवताना तेच. सकाळी उठल्यावर तेच.

दुपारी रवींद्रनं रांजण उपसला, तळ कोरडा पुसला. कमिटीचा फोन वाजत राहिला.

"मी न्हाय बोलायची आता," भीमाबाई म्हणाली. "तुजं तू बोल. खरं आसंल तेवढंच."

तो गुडघ्यांवर बसला, तोंड आत घातलं. भाषणातला एक शब्द कामाचा नव्हता. "पायल, मी आहे. तुझ्याकडं बघायलाच घाबरत होतो गं. तुझ्या चेहऱ्यात तुझी आई दिसते."

घुमलं नाही. आत कोणीतरी हळूच श्वास घेतला.

मागं पायल तांब्या घेऊन पाण्याची वाट बघत उभी होती. नळातून अजून नुसती हवा फुसफुसत होती.