मऊ रबराचे टायर

डिचोलीतल्या टायरच्या दुकानात प्रवीण सकाळपासून एकाच गोष्टीवर अडून बसला होता. एका बाजूला मऊ रबराचे टायर, कोरड्या रस्त्याला गोचिडीसारखे चिकटणारे. दुसऱ्या बाजूला खोल चरांचे, पावसात पाणी कापून गाडी वेळेवर थांबवणारे. दुकानदार गौरेश त्याचा शाळेतला मित्र. दोन्हींचे गुण सांगून सांगून तो दमला होता.

"ह्या पावसात पेडण्याला ड्युटीवर रोज मी जाते," गौरवी नवऱ्याला म्हणाली. "पाणी कापणारे घे."

"तुका त्यातला काय कळता? वळणावर गाडी चिकटून गेली पाहिजे."

गाडी लाल, ठेंगणी, बुंगाट पळणारी. गौरवीच्या नावावर होती, पण सुट्टीच्या दिवशी ती प्रवीणचीच असे.

गौरेशने पुढचं चाक उतरवलं आणि तोंड वाकडं केलं. मडगार्डच्या आत, वाळक्या चिखलात, तांबूस केसांचा पुंजका अडकला होता. रक्त काळं पडून त्यावर सुकलं होतं. कुजका वास नाकात शिरला.

"जनावर गावलां काय रे?"

"कुत्रो. गेल्या आयतवारी, नार्व्याच्या वळणार," प्रवीण हसत म्हणाला. "पण गाडी जरा म्हणून हलली नाय! जुने टायर मऊ होते म्हणून. तेच घाल परत."

गौरवीची नजर पुढच्या बंपरवरच्या चिरेकडे गेली. ती दगडाने पडली, असं त्याने तिला सांगितलं होतं. आणि परवाच दोघं नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला गेली होती, तेव्हा रस्त्याच्या कडेला एक तांबडा कुत्रा मागचा पाय फरफटत चालला होता. एक म्हातारी वाकून त्याला पेज पाजत होती. प्रवीणने काच वर केली होती. "घाण नुसती! असली कुत्री रस्त्यार सोडतत कित्याक?" आणि तिनेही नाकाला पदर लावला होता. आता तो पदर आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

"गौरेश, खोल चरांचे घाल," ती म्हणाली. "गाडी माझी आहे."

प्रवीण फणफणला, पण गौरेशने तेच टायर बसवायला घेतले. टायर बसल्यावर गौरवीने किल्ली उचलली, प्रवीण शेजारी बसला, आणि तिने गाडी थेट नार्व्याला घेतली.

म्हातारीचं नाव जानकी. कुत्रा तिच्या पडवीत गोणपाटावर पडला होता. जखमेवर माशा घोंघावत होत्या. "दवाखान्यात न्यायला गाडी खंय मेळतली, बाये?" ती म्हणाली. गौरवीने कुत्र्याला गोणपाटासकट उचलून मागच्या सीटवर ठेवलं, शेजारी जानकीला बसवलं. प्रवीण पुढे नाकाला रुमाल लावून बसला होता. "सीट धुणार कोण?" एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरांनी पाय कापावा लागेल म्हणून सांगितलं. जानकी बाकड्यावरून उठली आणि तिने प्रवीणचे दोन्ही हात धरले. "पुता, देव बरें करूं तुजें. आजकाल इतकें कोण करता?"

"असू दे, मावशे," प्रवीण म्हणाला. "मुकं जनावर. आपणच नको बघायला?"

हे तो अगदी मनापासून म्हणाला. नार्व्याच्या वळणाचा जणू त्याला विसरच पडला होता. गौरवी दोघांच्या मध्ये आली.

"मावशे, ह्याच्याच गाडीखाली सापडला तो," ती म्हणाली. "थांबलासुद्धा नाही हा. घरी येऊन माझ्याशी खोटं बोलला."

जानकीने हात सोडले आणि लुगड्याला पुसले. "तूं भायर वच," ती दाराकडे बोट दाखवत म्हणाली. आवाज चढला नव्हता.

प्रवीण बसने सर्वणला घरी गेला. कुत्रा तीन पायांवर जगला; गौरवी अधूनमधून नार्व्याला जाऊन त्याला बघून येते. भटक्या कुत्र्यापायी बायकोने चारचौघांत नाक कापलं, असं प्रवीण अजून भेटेल त्याला सांगत असतो. जेवताना तो वाढायला पुढे झाला, की गौरवी ताट मागे ओढते.