चिठ्ठ्या काढून झाल्यावर

इशबेल मॅकफीने हाती घेतलेली गोल्फची स्पर्धा कधी फसली नाही. बेटावरच्या लोकांना याचा केवढा अभिमान! खुद्द इशबेलला मात्र अलीकडे त्याचा वीट आला होता. क्लबच्या सेक्रेटरीने, म्हणजे तिने, सगळं जुळवायचं, सगळ्यांना खेळवायचं आणि आपण पत्र्याच्या क्लबघरात चहाच्या आधणापाशी उभं राहायचं.

उन्हाळ्यातल्या या शनिवारी जोड्यांचा सामना असे. एक बाई, एक पुरुष आणि दोघांत मिळून एकच चेंडू. एकाने मारायचा, तो जिथे पडेल तिथून दुसऱ्याने पुढे न्यायचा. आदल्या संध्याकाळी बायकांची नावं एका जुन्या किटलीत आणि पुरुषांची क्लबच्या कप्तानाच्या टोपीत टाकून चिठ्ठ्या काढत. त्यानंतर कुणी पुरुष उगवलाच, तर उशिरा आलेली बाई त्याची जोडीदार. तशी बाई नसेल तर सेक्रेटरीने खेळायचं. पण इशबेल महिनाभर आधीपासून एकेकाच्या अशी हात धुऊन मागे लागायची की मागाहून येणारं कुणी उरतच नसे.

या वर्षी उरला. चिठ्ठ्या काढून लोक पांगले होते, इशबेल टेबल पुसत होती, आणि दारात लॅकलन मॅकिनिस येऊन उभा राहिला.

तरुणपणी या दोघांनी मिळून हा सामना जिंकला होता, एकदा नव्हे, लागोपाठ. मग तो न्यूझीलंडला मेंढ्यांच्या कुरणावर नोकरीला गेला. जाताना तिला चल म्हणाला होता. इशबेलची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, ती कुठे जाणार? तिकडे त्याने लग्न केलं, पोरं वाढवली, बायको गेली. आता भावाच्या मयतासाठी आला होता आणि शनिवारी संध्याकाळच्या बोटीने परत निघणार होता.

"माझं नाव घेशील का?" त्याने विचारलं.

"चिठ्ठ्या काढून झाल्यात."

"ते कळलं मला."

"मग घेते," इशबेल म्हणाली आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागली.

घरी जाऊन तिने जिन्याखालची पिशवी ओढून काढली. एकेक स्टिक तेलाच्या फडक्याने पुसली आणि स्वयंपाकघरातच फटका मारून पाहिला, तशी मांजर घाबरून कपाटावर चढली. या वयात काळीज असं धडधडतं याचा तिला रागच आला. तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं, जुनं काही उकरायचं नव्हतं. एक दिवस, फक्त एक दिवस, त्याचा चेंडू जिथे पडेल तिथून तिला खेळायचं होतं.

सकाळी वारा बेताचा होता. कप्तान मर्डो, बोटीवरून निवृत्त झालेला आडदांड गडी, मेंढ्यांना हिरवळीवरून हाकलत होता. इशबेलने जोड्यांची वेळ भरतीचा हिशेब करून बांधली होती, कारण दुपारनंतर सातव्या होलकडे जाणाऱ्या वाटेवर समुद्र चढे. पाद्रीबुवा प्रत्येक फटक्याआधी देवाशी सल्लामसलत करीत, म्हणून त्यांना सर्वांच्या मागे ठेवलं होतं. सगळं झाल्यावर तिने आपले गोल्फचे बूट घातले. नाड्या बांधत असतानाच सकाळच्या बोटीतून उतरलेली एक मुलगी पाठीवर पिशवी घेऊन आत आली.

ही शोना, मोठ्या बेटावरच्या इस्पितळातली नर्स. रात्रपाळी संपवून तशीच बोटीत बसली होती, डोळे तारवटलेले. तिची आई दर वर्षी इथे खेळायची. वसंतात ती गेली, आणि या पिशवीतल्या स्टिका तिच्याच होत्या.

क्लबघरात दुसरं कुणी नव्हतं. जागा नाही, एवढे दोन शब्द इशबेलच्या ओठांवर आले. म्हटले असते तर कुणाला पत्ता लागला नसता.

"जागा नसली तरी चालेल हं, मिस मॅकफी," शोना म्हणाली. "मी कपबश्या विसळू लागेन. आई म्हणायची, तुम्ही कुणाला परत पाठवत नाही."

इशबेलने खाली बघितलं. एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसरी तशीच लोंबत होती. तिने दोन्ही बूट काढून बाकाखाली सरकवले.

"जोडीदार चांगला मिळालाय तुला," ती म्हणाली. "त्याचा चेंडू डावीकडे वळतो. उजवीकडे फार जाऊ नकोस."

पहिल्या फटक्याआधी नावं पुकारण्याचं कामही तिचंच. लॅकलन मॅकिनिस हे नाव इतक्या वर्षांत तिने मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. ते तिने साऱ्या गावासमोर खणखणीत आवाजात पुकारलं. त्याने शोनाकडे बघितलं, मग इशबेलच्या पायातल्या रबरी गमबुटांकडे, आणि चेंडू मांडला.

स्पर्धा नेहमीसारखी झकास झाली. भरतीत कुणी अडकलं नाही, सूप पुरलं, पाद्रीबुवासुद्धा वेळेत परतले. इशबेल अंड्याची सँडविचं वाटत होती आणि खिडकीतून दूरवर लॅकलनची निळी टोपी शोधत होती.

बक्षिसांसाठी लोक आत जमू लागले तसा लॅकलन मागच्या दाराने आला. हातात क्लबची उसनी स्टिक, खांद्यावर प्रवासाची पिशवी. बोटीचा भोंगा एकदा वाजून गेला होता.

"पोरगी छान खेळते," तो म्हणाला.

"आईवर गेलीय."

"इशबेल, काल दुपारपासून मी या क्लबघराच्या भिंतीमागे बसून होतो. चिठ्ठ्या कधी संपतात त्याची वाट बघत."

हातातली बशी खाली ठेवायचंही तिला सुचेना. त्याला नियम आठवत होता. त्याने तिच्यासाठी मुद्दाम उशीर केला होता, आणि तिने स्वतःच्या हाताने ते मोडलं होतं. तिला इतकं वाईट वाटलं की पोरीला परत पाठवायला हवं होतं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

लॅकलन पहिला फटका मारतात त्या जागेवर गेला, खिशातून चेंडू काढला आणि मारला. चेंडू उंच गेला, डावीकडे वळला, हिरवळीवर पडला. मग मागोमाग आलेल्या इशबेलच्या हातात त्याने स्टिक दिली.

"पुढचा तुझा," तो म्हणाला आणि धक्क्याकडे उतरू लागला.

मर्डो दारात आला. "अगं बाई, सगळे खोळंबलेत. बक्षिसांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे आणि तू इथे हवा खातेस?"

"थांबा म्हणावं त्यांना."

"तुझ्या स्पर्धेत कधी कुणी थांबलंय?"

"आज थांबतील," इशबेल म्हणाली. "मी खेळतेय." आणि ती गमबूट ओढत चेंडूपाशी चालत गेली.