मोटारीच्या मेंदूचा अक्षराभ्यास

चंपतरावांच्या अंगणात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. बेल्याच्या पुढं, पैनगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्यावरचं सावरगाव ते केवढं, पण चार गावची माणसं लोटली होती. अंगणाच्या मधोमध पाट, पाटावर परात, परातीत तांदूळ, आणि तांदळावर लाल फडक्यात गुंडाळलेला एक डबा. समोर यंत्रेश्वर महाराज बसलेले. महाराजांनी डब्यातून लोंबणारी एक तार पोराचा हात धरावा तशी अलगद दोन बोटांत धरली आणि तिनं तांदळावर ॐ काढला.

"म्हण बाळा," महाराज डब्याला म्हणाले.

डबा काही बोलला नाही.

"पहिला दिवस आहे, लाजतोय," महाराजांनी खुलासा केला, आणि तीनशे माणसांनी हात जोडले.

डॉक्टर पद्मजा हे दारातून बघत होती. गावात तिचा दवाखाना होता, आणि चंपतरावांची सून रुख्मिणी हिला तपासायला ती आली होती. रुख्मिणीचा नवरा, दादासाहेब, हैदराबादेत नोकरीला. पण आत जायचं कसं? वाटेत महिपत मिक्सर छातीशी धरून उभा. त्याच्यामागं कुणी रेडिओ घेऊन, कुणी शिवणयंत्र घेऊन. एकानं तर कापसाची बंडी बैलांसकट फाटकाशी आणून लावली होती.

"डॉक्टरीणबाई, लाईनीत या," महिपत म्हणाला. "माह्या मिक्सरचा नंबर लागून राह्यला."

"मिक्सरला मेंदू असतो का रे?"

"थे महाराज पायतीन न."

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. चंपतरावांनी नवी कोरी मोटार घेतली होती, आणि साधीसुधी नव्हे. जुन्या गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं ते कार्बोरेटर ठरवायचा, हिच्यात ते कॉम्प्युटर ठरवत होता. चंपतराव हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. कॉम्प्युटर कुठं बसवलाय ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि ड्रायव्हर उद्धवची सगळी हयात ट्रॅक्टरवर गेलेली. महाराज मुक्कामाला आले, त्यांचा शिष्य सुधाकर यानं "सेवा म्हणून" गाडी धुऊन दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीला धाप लागली. बेल्याच्या चढावर ती दोनदा थांबली.

महाराजांनी बॉनेटवर कान ठेवला. डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"चंपतराव, कंपनीनं मेंदू दिला, पण निरक्षर दिला. मुद्दाम दिला. शिकलेला मेंदू लिटरला चाळीस चालेल, मग पेट्रोलवाल्यांनी काय खावं? म्हणून कुलूप ठोकून दिला. मी ते कुलूप काढतो. तुम्हाला पाहिजे ते शिकवतो. शेतात न्यायची तर शेतातलं, वरातीत न्यायची तर वरातीतलं. पण आधी अक्षराभ्यास."

इथंच त्या लबाडानं बरोबर दुखरी नस पकडली. या भागात पोराला बासरला नेऊन सरस्वतीपुढं तांदळावर अक्षर गिरवून घेतल्याशिवाय हातात पाटी देत नाहीत. पद्मजाचं स्वतःचं पहिलं अक्षर तिथंच गिरवलेलं. तेव्हा मेंदू आला म्हणजे अक्षराभ्यास आला, हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. उलट आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, याची चंपतरावांना लाज वाटली. त्या दिवशी उद्धव सासुरवाडीला गेलेला. सुधाकर गाडीत शिरला, सीटखालून एक डबा उपटून काढला, लाल फडक्यात बांधला, आणि शाळा सुरू झाली.

शाळा नऊ दिवसांची. तोवर महाराजांना रोज शिरा, आणि परातीतले तांदूळ रोज नवे. जुने सुधाकरच्या पोत्यात. या सगळ्याला पद्मजा हसली असती आणि आपल्या कामाला लागली असती. पण महाराजांनी एक अट घातली होती. नऊ दिवस डब्याला हात लावायचा नाही, गाडीची किल्लीसुद्धा फिरवायची नाही. मध्येच शिकवणी मोडली, तर घरात जन्मणारं पहिलं मूल मुकं निघेल.

आणि घरात रुख्मिणीचे दिवस भरत आले होते.

पद्मजानं तिला तपासलं, पोटावर हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग सासूबाईंना, जयवंताबाईंना, बाजूला घेतलं.

"मूल आडवं आहे. आडवं मूल घरी होत नाही, माझ्या दवाखान्यातही होत नाही. ऑपरेशनच करावं लागतं. कळा सुरू झाल्या की तिला लगोलग आदिलाबादला न्यायचं. उशीर झाला तर दोघंही जातील. खरं तर आजच नेऊन ठेवा."

"आज कसं नेता बाई? मोटार बसली न शाळेत. अन् बसमंधी या रस्त्यानं हिचे हाल होतीन."

"मोटार शाळेतून उठवा."

"अवो, मधात उठवली तर लेकरू मुकं निघते म्हणतात महाराज."

"आणि नऊ दिवसांच्या आत कळा आल्या तर?"

"महाराज म्हणतात, नाई येत."

"महाराजांनी आजवर किती बाळंतपणं केली?"

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. बाई वाईट नव्हती. नातवंडासाठी तिनं जीव टाकला असता, आणि म्हणूनच ती भ्याली होती. पद्मजाला राग आला तो तिचा नाही. आईच्या काळजीवर पोळी भाजून घेणाऱ्या त्या दाढीवाल्याचा आला.

ती तडक बेल्याला गेली, एसटीडीच्या काचेच्या खोलीत शिरली आणि नागपूरच्या एका मोटार वर्कशॉपला फोन लावला. पलीकडच्या इंजिनिअरला आधी वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय.

"बाई, अक्षराभ्यास म्हणालात?"

"हो. तुम्ही मला एवढंच सांगा, त्या कॉम्प्युटरला वेगळं काही शिकवता येतं का?"

"येतं की. त्यात आकड्यांचा तक्ता असतो. एवढी हवा आली तर एवढं पेट्रोल. बाहेर देशात शर्यतवाले ती चिप काढतात, मशिनीवर लावून आपले आकडे भरतात. त्याला दुसरा कॉम्प्युटर लागतो, मोजायची यंत्रं लागतात आणि डोकं लागतं. तांदूळ नाही लागत. चुकीचे आकडे भरले तर इंजिन जळतं."

"आणि हा कॉम्प्युटर काढला तर गाडी चालते?"

"सुरूच होणार नाही."

मग त्यानं खूण सांगितली. चकचकीत ॲल्युमिनियमची पेटी, पाटीएवढी, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायांपुढं, झाकणामागं. तिच्यात पन्नासएक तारांचा जाड गठ्ठा जातो. आणि जाता जाता म्हणाला, "धुतल्यावर धाप लागली म्हणता, तर आधी एअर फिल्टर उघडून बघा."

परत येऊन पद्मजानं परातीत वाकून पाहिलं. फडक्यातून तारा लोंबत होत्या आठ. चार लाल, चार काळ्या. तिनं चंपतरावांना खूण सांगितली, चंपतरावांनी महाराजांना विचारलं, आणि महाराज मंद हसले.

"बाकीच्या तारा त्यानं गिळल्या. विद्या ग्रहण करतोय."

"गियल्या बापा," गर्दीतून कुणीतरी भक्तीनं म्हणालं. पद्मजानं कपाळावर हात मारला.

तिनं गाडीजवळ जायचा प्रयत्न केला, तर चार धट्टेकट्टे भक्त आडवे आले. बैलबंडी काढा म्हणाली, तर जयवंताबाई म्हणाल्या, उद्या पाहू. उद्याचा परवा झाला. बाबावाक्यं प्रमाणम्, दुसरं काय!

पाचव्या दिवशी सकाळी दहाला रुख्मिणीला कळा सुरू झाल्या.

पद्मजा धावत आली तेव्हा अंगणात सरस्वतीची आरती चालली होती. बस दुपारी तीनला. बंडीनं आदिलाबाद म्हणजे अख्खा दिवस. ती गाडीकडं गेली, आणि ते चार भक्त पुन्हा आडवे आले.

"बाजूला व्हा. आत एक बाई मरेल."

"चार दिवस राहिले," महाराज बसल्या जागेवरून म्हणाले. "मेंदू आत्ता बाराखडीत आहे. मी आशीर्वाद देतो, कळा थांबतील. पण गाडीला हात लावाल तर मूल मुकं. मग मला दोष देऊ नका."

चंपतराव जागच्या जागी थिजले. जयवंताबाई रडायला लागल्या. एवढ्यात दारात रुख्मिणी आली, चौकटीला धरून, घामानं निथळत. सासऱ्यापुढं ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"मामाजी, मुकं तर मुकं. हातवारे करून बोलंन मी त्याच्यासंग. जितं तर पायजे."

मग जयवंताबाईंनी डोळे पुसले, खुंटीवरची किल्ली काढली आणि उद्धवच्या हातात कोंबली. त्या चार भक्तांकडं त्यांनी नुसतं पाहिलं, तेवढ्यानं वाट मोकळी झाली.

"बाई, पण मेंदूच नाई तं गाडी चालंन कशी?" उद्धव कुजबुजला.

"आधी बॉनेट उघड. माणसाला धाप लागली की आम्ही आधी त्याचं नाक बघतो, डोकं नंतर. हे काळं झाकण काढ."

उद्धवनं चार चिमटे उघडले, आत हात घातला, आणि हाताबरोबर बाहेर आला कापूस. चांगला ओंजळभर, दाबून दाबून बसवलेला. हवेच्या नळीतच बोळा. लोक पुढं सरकले. सुधाकर मागं सरकला.

"पाहा," महाराज घाईघाईनं म्हणाले, "अज्ञान बाहेर पडलं. विद्येमुळं ते पांढरं झालं."

"आपल्याच शेतातला कापूस हाये थो," बंडीवाला म्हणाला.

पद्मजाचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं पायांपुढचं झाकण उघडून घेतलं. आत चकचकीत पेटी, तारांचा जाड गठ्ठा, सगळं जागच्या जागी. कंपनीतून आल्यापासून कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"किल्ली फिरव."

उद्धवनं फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि धाप नाही की खोकला नाही. गर्दीतून उसासा गेला.

"चमत्कार," महाराज उठून उभे राहिले. "मेंदूशिवाय चालली."

महिपतनं मिक्सर खाली ठेवला. "महाराज, मेंदूबिगर चालते, तर मेंदू काऊन काढला?"

महाराज दाढी खाजवत परातीतल्या तांदळाकडं बघू लागले. तोवर उद्धवनं गाडीतून उतरून परातीतल्या डब्यावरचं लाल फडकं ओढलं होतं, आणि डबा पाहून तो ओरडला.

"हा तर दादासायबानं हैदराबादेत बसवून आणलेला गाण्याचा डबा हाये. टेपचा आवाज वाढवते, तो."

रुख्मिणीला मागच्या सीटवर निजवलं, जयवंताबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पद्मजा शेजारी बसली, आणि गाडी निघाली. वाटेत टेप तेवढा मुका होता.

आदिलाबादला डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. साडेबाराला ऑपरेशन झालं. मुलगी झाली. क्षणभर ती गप्प होती, आणि तेवढ्या वेळात दाराबाहेर जयवंताबाईंचा जीव टांगणीला लागला. मग जी रडायला लागली ती दुपारभर थांबेना. शेजारच्या खोलीतून दोनदा तक्रार आली. जयवंताबाई प्रत्येक तक्रारीला हात जोडून म्हणत होत्या, "रडू द्या बापा, रडू द्या तिले."

दुसऱ्या दिवशी पद्मजा गावात परतली, तेव्हा महाराजांना लोकांनी अंगणातच बसवून ठेवलं होतं, शिऱ्याशिवाय. सुधाकर पोपटासारखा बोलला होता. गावोगाव तो गाड्या धुवायचा आणि बोळा कोंबायचा. नवव्या दिवशी बोळा काढायचा, गाडी पळायची, जयजयकार व्हायचा. शेजारच्या जैनथ गावच्या भगवंतरावांची जीप अशीच "शिकवली" होती. ती डिझेलची, जुनी. तिच्यात कॉम्प्युटर नावाची चीजच नव्हती. तिथं त्यांनी बॅटरीवरचं झाकण शिकवलं होतं.

"मंग थे नागपूरचे मशीनवाले तुमाले फोनवर सांगत होते, मेंदूत आकडे भरता येतात, थे खोटं?" चंपतरावांनी खालमानेनं विचारलं.

"ते खरं आहे काका. तो मेंदू माणसानंच बनवलाय, माणूस तो बदलू शकतो. पण जो खरंच बदलतो तो काय बदललं ते दाखवतो, मोजून दाखवतो. लपवून ठेवत नाही, भीती घालत नाही. बासरला पोर नेता, खुशाल न्या. पण अक्षर गिरवून झाल्यावर त्याला पुढं शाळेतही घालता ना? मग स्वतःचं शिक्षण तेवढं का सोडता?"

महिपत मिक्सर उचलून हळूच घराकडं निघाला.

महाराजांना बेल्याच्या ठाण्यात दिलं, ते ठीकच झालं. पण वाचकहो, हिशेब त्यांच्याशी संपत नाही. गाडीचा मेंदू पाचही दिवस जागेवर होता. किल्ली खुंटीवर होती. झाकण उघडायला चार चिमटे, बोळा काढायला दोन बोटं. अंगणात तीनशे शहाणी माणसं होती, आणि एक आई व तिचं मूल मरणाच्या दारात जाईपर्यंत त्यातल्या एकानंही किल्ली फिरवून पाहिली नाही, कारण फिरवू नका असं कुणीतरी सांगितलं होतं. तुम्हालाही कुणी सांगेल, हात लावू नका, उघडू नका, विचारू नका. तेव्हा आधी हात लावा, उघडा आणि विचारा.