खंडेनवमीचा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो, डाव्या पायाचा. उजवा जोडीदार कधीच हरवला. तो बिचारा बॉलला मारायचा, मी माणसांना.

माझे धनी धनसिंगभाऊ मूळचे साक्रीकडचे, दीपनगरच्या फुटबॉल टीमचे डिफेंडर. त्यांच्या पायात असताना मी किती घोटे सोलले, किती पोटऱ्या फाडल्या, काही विचारू नका. जामनेरच्या फायनलला नशिराबादचा लीलाधर बॉल घेऊन सुसाट निघाला. भाऊंनी बॉलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळा जोर लावून मला त्याच्या नडगीवर आदळलं. वाळक्या पऱ्हाटीसारखं हाड कडकन मोडलं. तो मातीत लोळून किंचाळत होता, आणि आमचे लोक मला हार घालत होते! लाज वाटायची सोडून मी मेला फुगलो होतो.

लीलाधर पुन्हा कधी खेळला नाही. भाऊ मात्र कोच झाले. त्यांनी मला सामानाच्या खोलीत खुंटीला टांगलं. खंडेनवमीला कारखान्यात पान्ह्यांची पूजा होते, तशी आमच्याकडे माझी. हळद, कुंकू, नारळ. वर भाऊंचा मंत्र ठरलेला, "पाय दखाना का तोड!" म्हणजे पाय दिसला की मोड. चुकणाऱ्याच्या पाठीत ते मलाच हाणत. पोरं कळवळत, पण टीममधली जागा जाईल म्हणून गप्प बसत.

यंदा मुलींची टीम पूजेला उभी होती. "बठ्ठ्या पाया पडा वं!" भाऊ गरजले. सगळ्या वाकल्या. शीतल वाकली नाही. ती त्यांची सगळ्यात तयार डिफेंडर, नशिराबादची, लीलाधरच्याच गल्लीतली. पुढच्या आठवड्यात तिची राज्य संघाची निवड होती, आणि शिफारस भाऊंच्या हातात.

ती म्हणाली, "भाऊ, आमच्या लीलाधर आबांच्या पायाला कोण लावतं हळद?"

"मले शिकाडस का?" म्हणत भाऊंनी मला खुंटीवरून ओढलं आणि नेम धरून फेकलं. माझे खिळे तिच्या भुवईत रुतले. डोळा थोडक्यात वाचला. भळाभळा रक्त आलं, माझ्या हळदीकुंकवावर सांडलं.

शीतल रडली नाही. तिने मला उचलून भाऊंच्या हातात दिलं. "घ्या भाऊ. आता झाली पूजा." ती निघाली, आणि तिच्यामागे अख्खी टीम.

भाऊ किती तरी वेळ मला धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिफारशीच्या कागदावर सही केली आणि मला पेपरात गुंडाळून नशिराबादला नेलं. लंगडत लीलाधर दारात आला. भाऊंनी मान खाली घालून मला पुढे केलं. लीलाधरने मला ओळखलं, पण हातसुद्धा लावला नाही.

"पोरीचा डोळा कसा आहे?" एवढंच त्याने विचारलं.

भाऊ तिथेच दारात हुंदके देऊन रडले.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. मला उकिरड्यावर टाका, कुत्र्याला चावायला द्या. पण हार घालू नका रे! त्या हाराखाली कुणाचं तरी हाड मोडलेलं असतं.