भोंग्याचे टोमॅटो

देव भावाचा भुकेला असतो, सुराचा नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं तसं नसतं. म्हणून तर गल्लीतल्या प्लंबरला सगळे भोंगा म्हणत. माणूस लोण्यासारखा, पण पहाटे भजनाला तोंड उघडलं की पाळण्यातली पोरं किंचाळून उठत आणि म्हातारी माणसं आपला नंबर लागला समजून हात जोडत.

घरात त्याच्या गाण्याला बंदी होती. पुढच्या खोलीत बायकोचं गाद्या शिवायचं दुकान. गिऱ्हाईक उशी बघायला यायचं आणि आलाप ऐकून चपला विसरून पळायचं. शेवटी भोंग्याने युक्ती केली. उरलेसुरले पाइप वाकवून परसात कमानी रोवल्या, त्यांवर जाड प्लास्टिक ताणलं, कडा मातीत पुरल्या, दोन्ही टोकांना दारं बसवली. ऐसपैस बोगदा झाला.

"टोमॅटो लावणार," त्याने जाहीर केलं.

"टोमॅटो लावणार की सूर?" बायको म्हणाली. "मी ओळखून आहे तुम्हाला. जिन्याखाली माझ्या कापसाला ओल लागतेय. फळ धरलं तर बोगदा तुमचा, गा खुशाल. नाही धरलं तर गठ्ठे आत आणि भजन कायमचं बंद. तोवर तोंडाला कुलूप!"

रोपं झकास वाढली. वर आडव्या ताणलेल्या तारेला सुतळ्या बांधून त्याने ती चढवली. पिवळी फुलं लगडली आणि एकामागून एक गळू लागली. फळाचा पत्ता नाही. बायको रोज डोकावायची आणि टेपने नुसती लांबी-रुंदी घ्यायची. ते माप भोंग्याच्या काळजाला दाभणासारखं टोचायचं.

एका सकाळी फुलांचा सडा बघून त्याचा बांध फुटला. "देवा, गठ्ठे यायच्या आत तुला एकदा तरी आळवतो रे!" त्याने दारं लावली. टाळ नव्हते, म्हणून वरच्या तारेवरच ताल धरला आणि असा टाहो फोडला की प्लास्टिक थरथरलं. बायको कात्रीसकट धावत आली. त्याचे भरलेले डोळे दिसले, तशी आल्या पावली परतली. मग काय, बुडत्याला कसली थंडी! तो रोज गाऊ लागला.

आणि एक दिवस देठाशी हिरवा मणी दिसला. मग दुसरा. मग घोसच्या घोस.

"अगं ए! देवाला माझा आवाज आवडला!"

"देव दयाळू आहे," बायको म्हणाली. "सोसतो."

भोंग्याचे पाय जमिनीला लागेनात. पण तेवढ्यात मेव्हणा आला. त्याची रोपवाटिका होती, रोपं त्याच्याकडचीच.

"दाजी, बंद बोगद्यात ना वारा, ना मधमाशी," तो भजनाची हकिगत ऐकून म्हणाला. "फूल हललं नाही तर फळ कसं धरणार? तुम्ही तारेवर ताल धरलात, फुलं हलली, पराग झडला. झालं काम."

"म्हणजे... आवाजाचं काहीच नाही?"

"आवाजाचं काय घेऊन बसलात! तारेला काठीने हाणलं असतं तरी चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी बोगद्यातून नुसती टक टक ऐकू आली. भोंगा मान खाली घालून तार वाजवत होता. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं, सुरू झालं, पुन्हा थांबलं. थोड्या वेळाने बायको परसात आली.

"घसा बसला का?"

"टोमॅटोला नुसता ताल पुरतो म्हणे. उगाच तुझ्या कानाला त्रास."

"टोमॅटोला पुरत असेल. मी सकाळपासून दोन उशा उलट्या शिवल्यात. कानाला सवय लागली मेली! गा आता."

भोंग्याचा चेहरा उजळला. त्याने खाकरून घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला.

"थांबा, थांबा!"

बायको बाहेर गेली. दोन्ही दारं घट्ट ओढली. परसात उन्हात टाकलेले कापसाचे गठ्ठे ढकलत आणून तिने एकेका दाराला टेकवले आणि वरून दोन उशाही खोचल्या.

"हं," ती ओरडली, "आता होऊ द्या!"