दोन्ही टोकांना पिना

वादळात गेलेली वीज परत यायचं नाव घेईना. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दादाच्या घरी आतल्या खोलीत म्हातारे वडील धापा टाकत होते. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं आणि राखीव सिलिंडरचा काटा भराभर उतरत होता.

दादाने मित्राचा जनरेटर आणून वडिलांच्या खिडकीखालीच सुरू केला. एका वायरीच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या. एक जनरेटरमध्ये खोचली; आता दुसरी भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचली, की झालं. मशीन, फ्रिज, पंखे, मोटार, सगळं घर एका दमात चालू!

पिन सॉकेटपासून वीतभर असताना दारातून बहीण ओरडली, "थांब दादा! आधी जनरेटर बंद कर. त्या उघड्या पिनेत वीज आहे, बोट लागलं तर तूच चिकटशील!"

वीज कंपनीत इंजिनीअर असलेली बहीण बाबांच्या काळजीने धावत आली होती.

दादाने जनरेटर बंद केला, पण तो उसळलाच. "बाबांचा जीव टांगणीला लागलाय आणि तू मला नियम शिकवतेस?"

"नियम राहू दे, बाहेर बघ."

कोपऱ्यावरच्या खांबावर पट्टा बांधून एक लाइनमन तार जोडत होता.

"लाइन बंद आहे या भरवशावर चढलाय तो. तू भिंतीत सोडलेली वीज उलटी बाहेर जाईल, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होईल. मेन स्विच तरी पाडलायस?"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. घाईत तो विसरलाच होता!

"मग बाबांचं काय गं?"

"जाड, लांब एक्स्टेंशन आण. मशीनला जनरेटरवरून सरळ वायर देऊ. फ्रिज, मोटार राहू देत. आणि हे धूड खिडकीपासून लांब ने, नाहीतर धुरानेच बाबा घुसमटतील!"

दोघांनी जनरेटर ओढत कुंपणापर्यंत नेला, एक्स्टेंशनने मशीन जोडलं आणि तो पुन्हा सुरू केला. मशीन घुरघुरलं. हळूहळू बाबांच्या ओठांवरची निळसर छटा ओसरली. दादाने पकड उचलली आणि दोन पिनांच्या त्या वायरीचे तुकडे केले.

थोड्या वेळाने लाइनमन दारात आला. "घोटभर पाणी मिळेल का, दादा?"

पाणी देताना दादाला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

मंडळी, आपल्या घरातला अंधार घालवताना दुसऱ्याच्या घरात अंधार करू नये. जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये कधीही सोडू नका. सगळं घर चालवायचंच असेल, तर जाणकाराकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर लाइनवर नाहीतर जनरेटरवरच ठेवणारा स्विच, बसवून घ्या. खांबावर चढलेल्या माणसाचीही घरी कुणीतरी वाट पाहत असतं!